मराठीतून लॅटिन : प्रस्तावना

लॅटिन शिकायची तर ती मराठीतून शिकावी, इंग्रजीचा वळसा घेऊन नव्हे. या पुस्तकातला प्रत्येक पाठ या एका आग्रहावर उभा आहे, म्हणून तो सुरुवातीलाच सांगतो. कारणं पुढे येतीलच.

एक वाक्य घ्या: मगिस्तेर् पुएरो लिब्रुम् दत्. मगिस्तेर् म्हणजे शिक्षक, पुएरो म्हणजे मुलाला, लिब्रुम् म्हणजे पुस्तक, दत् म्हणजे देतो. शिक्षक मुलाला पुस्तक देतो. चारही शब्द जिथल्या तिथे राहिले, एकालाही जागेवरून हलवावं लागलं नाही. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, मधे ज्याला द्यायचं तो आणि जे द्यायचं ते. 'मुलाला'मधला 'ला' जसा नामाला चिकटून येतो तसाच 'पुएरो'मधला शेवटचा 'ओ'. हेच वाक्य इंग्रजीत न्यायचं तर क्रियापद उचलून मधे ठेवावं लागतं, नामांआधी 'द' आणि 'अ' जोडावे लागतात, आणि कोण कोणाला देतो हे शब्दांच्या क्रमावरून ओळखावं लागतं. म्हणून इंग्रज मुलांसाठी लिहिलेल्या लॅटिनच्या पुस्तकांना विभक्ती म्हणजे काय इथूनच सुरुवात करावी लागते. आपल्या पाचवीतल्या मुलाला ते शिकवायची गरज नसते. 'मुलगा, मुलाने, मुलाला, मुलाचा' हे तो शाळेत यायच्या आधीपासून बोलतो.

लिंगांचंही तसंच आहे. तो दगड, ती भिंत, ते दार. निर्जीव वस्तूला लिंग कशाला, हा प्रश्न मराठी मुलाला पडत नाही. हिंदीत नपुंसकलिंग उरलं नाही, इंग्रजीत तर नामाचं लिंग क्रियापदाला किंवा विशेषणाला कळतच नाही. लॅटिनमध्ये मात्र तिन्ही लिंगं जागती आहेत आणि विशेषण नामाच्या मागोमाग आपलं रूप बदलतं. 'काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर' म्हणणाऱ्या माणसाला लॅटिनचा हा नियम पाठ करावा लागत नाही, फक्त त्याचे प्रत्यय पाठ करावे लागतात.

असं असूनही महाराष्ट्रात ज्यांनी लॅटिन शिकली त्यांतल्या बहुतेकांनी ती इंग्रजी पुस्तकांतून शिकली. १९व्या शतकात मुंबई विद्यापीठात संस्कृतच्या जोडीने लॅटिनही अभ्यासाला होती, पण माध्यम इंग्रजीच. मराठी विद्यार्थी आधी इंग्रजीची वाक्यरचना पक्की करायचा आणि मग लॅटिन शिकताना तीच विसरायचा. दुहेरी कष्ट. ज्या भाषेची ठेवण आपल्या भाषेच्या जवळ आहे तिच्याकडे जायला दूरच्या भाषेतून कशाला जायचं?

ही जवळीक काही मला सुचलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरले. १५८३ मध्ये त्यांनी आपल्या भावाला लॅटिनमध्ये एक पत्र लिहिलं. इथल्या भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत आणि त्यांची रचना लॅटिन व ग्रीकसारखी आहे, असं त्यात त्यांनी नोंदवलं. सर विल्यम जोन्स यांचं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या समान मुळाबद्दलचं प्रसिद्ध भाषण १७८६ सालचं, कलकत्त्याचं. म्हणजे स्टीफन्सांचं निरीक्षण त्याच्या २०३ वर्षं आधीचं. जोन्स यांच्यासमोर संस्कृत होती. स्टीफन्सांच्या कानावर पडत होती ती साष्टीतल्या शेतकऱ्या-कारागिरांची बोली. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. लॅटिनशी असलेलं नातं पंडितांच्या संस्कृतपुरतं नाही, ते आपल्या रोजच्या बोलण्याच्या ठेवणीतही आहे, हे त्यांना ऐकून कळलं.

पुढे त्यांनी काय केलं ते मराठी वाचकाला ठाऊक आहे. 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला, म्हणजे रायतूरला, छापून निघालं. जवळजवळ ११,००० ओव्या, भाषा मराठी आणि छपाई रोमन लिपीत. त्यांनी लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, तिथेच छापलं गेलं. ते पोर्तुगीजमध्ये आहे आणि त्याचा सांगाडा लॅटिन व्याकरणाचा आहे. लॅटिनमध्ये शिकून तयार झालेला माणूस ओवीपर्यंत आला. उलट दिशेची वाट, मराठीतून निघून लॅटिनपर्यंत जाणारी, अजून रुळलेली नाही. ती रुळावी म्हणून हे पुस्तक.

लॅटिन ग्रंथांत आपली माणसंही आहेत. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'होर्तुस मलाबारिकुस' हा १२ खंडांचा ग्रंथ सिद्ध केला आणि तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. ग्रंथाची भाषा लॅटिन. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोंकणी वैद्यांचं प्रमाणपत्र आहे, कोंकणी भाषेत आणि नागरी अक्षरांत. चित्रांवरही वनस्पतींची नावं इतर लिप्यांबरोबर नागरीत कोरलेली आहेत. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने आपल्या वनस्पतींच्या नामकरणासाठी हा ग्रंथ वापरला. याच्या १०० हून अधिक वर्षं आधी, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता यांचं भारतीय औषधींवरचं पोर्तुगीज पुस्तक गोव्यात छापलं गेलं. युरोपभर ते पोचलं ते मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने १५६७ साली काढलेल्या लॅटिन संक्षेपामुळे. आपल्याकडच्या झाडपाल्याचं ज्ञान जगात गेलं ते लॅटिनच्या खांद्यावर बसून, आणि ते परत आपल्या पाठ्यपुस्तकांत आलं तेही लॅटिन नावं घेऊन.

वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती १९६०च्या दशकापर्यंत लॅटिनमधला मिस्सा ऐकत होते. त्यानंतर उपासना मराठीत आली आणि ती यायलाच हवी होती. लॅटिन मात्र त्याबरोबर घराघरांतून गेली. आपल्याकडे अभिजात भाषा मराठीसाठी शिकण्याचं सर्वांत मोठं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. इंग्रजी बायबल समोर असताना त्यांनी मुळाकडे जायचा हट्ट धरला. भाषा शिकण्याचं याहून मोठं कारण मला सांगता येणार नाही.

आता इंझोरीकडे येतो, कारण हे पुस्तक तिथे आकाराला आलं. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव. सोयाबीन, तूर, कपाशी, रब्बीला हरभरा आणि गहू. इथे लॅटिनचं काय काम, असं विचारणाऱ्याने पेरणीच्या दिवसांत कोणत्याही कृषी केंद्रात डोकावावं. बीजप्रक्रियेसाठी जे पुडकं शेतकरी मागतो त्यावर 'ट्रायकोडर्मा विरिडी' असतं. सोयाबीनच्या जिवाणू संवर्धकावर 'रायझोबियम जॅपोनिकम'. 'बीटी' या दोन अक्षरांमागे 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस'. गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय नाव 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला', आणि त्या 'गॉसिपिएला'त कपाशीचं 'गॉसिपियम' हे नाव बसलेलं. ही नावं गावात रोज उच्चारली जातात, पण त्यांना अर्थ असतो हे कोणी सांगत नाही.

कारंजा, मानोरा, वाशीमच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकणारी मुलं संध्याकाळी माझ्याकडे बसायची तेव्हा हीच अडचण घेऊन. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेसाठी नावांची यादी घोकायची आणि परीक्षा झाली की विसरायची. त्यांची तक्रार रास्त होती: भाताला 'ओरायझा सटायव्हा', लसणाला 'ॲलियम सटायव्हम' आणि केशराला 'क्रोकस सटायव्हस' का? एकच शब्द तीन वेगवेगळ्या शेपट्या लावून का येतो? उत्तर 'काळा, काळी, काळं' इतकंच सोपं आहे. मूळ विशेषणाचा अर्थ 'पेरलेला'. क्रोकस पुल्लिंगी, म्हणून पेरलेला. ओरायझा स्त्रीलिंगी, म्हणून पेरलेली. ॲलियम नपुंसकलिंगी, म्हणून पेरलेलं. कोथिंबीर 'कोरिअँड्रम सटायव्हम', वाटाणा 'पायसम सटायव्हम'. इतकं सांगितल्यावर मुलांनी स्वतःच गव्हाचं 'ट्रिटिकम ईस्टिव्हम' आणि देशी कपाशीचं 'गॉसिपियम आर्बोरियम' नपुंसकलिंगात टाकून दाखवलं. लॅटिनची पहिली विशेषणं ती मुलं स्वयंपाकघरातून आणि शेतातून शिकली.

मग अपवाद आला, आणि अपवादाशिवाय व्याकरणात जीव नसतो. देशी गाय 'बॉस इंडिकस', आंबा 'मँजिफेरा इंडिका', हे पटलं. पण चिंच 'टॅमरिंडस इंडिका' कशी? 'टॅमरिंडस' तर पुल्लिंगी दिसतं. पिंपळ 'फायकस रिलिजिओसा', उंबर 'फायकस रेसिमोसा', इथेही तेच. कारण असं की रोमन लोक बहुतेक झाडांना स्त्रीलिंगी मानत, शब्दाचा शेवट कसाही असो, आणि वनस्पतिशास्त्राने ती रीत पाळली. आपण 'तो वड, ती चिंच, ते झाड' म्हणतो आणि आपल्याला त्यात विसंगती वाटत नाही. रोमनांनी जवळजवळ सगळी झाडं एका रांगेत बसवली. वडाच्या 'बेंगालेन्सिस'मधला 'एन्सिस' म्हणजे 'अमुक ठिकाणचा'. थुरिंजिया या जर्मन प्रदेशावरून 'थुरिंजिएन्सिस'. उद्या इथल्या माळावर एखादं नवं रोप सापडलं तर त्याचं नाव 'इंझोरिएन्सिस' ठेवता येईल, आणि ते लॅटिनच्या नियमाने शुद्ध असेल.

ही केवळ जुनी हौस नाही. लिनियसने १७५३ साली वनस्पतींची द्विनाम पद्धत रूढ केली. १९३५ पासून तर नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय तिचं नाव ग्राह्यच धरलं जात नसे. २०१२ पासून लॅटिनला इंग्रजीचा पर्याय मिळाला. नाव मात्र आजही लॅटिनच्या साच्यातच द्यावं लागतं.

क्रियापद हा या पुस्तकाचा गाभा आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. मराठीतला भविष्यकाळ आठवा: जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील. यात मी, तू, तो, आम्ही काहीच लिहिलेलं नाही, तरी कोण जाणार ते कळतं. पुरुष आणि वचन प्रत्ययातच आहे, आणि लिंगाचा प्रश्नच नाही. 'जाईन' बाई म्हणेल आणि बाप्याही म्हणेल. लॅटिनचं जवळजवळ सगळं क्रियापद असं आहे. ईबो, ईबिस्, ईबित्, ईबिमुस्, ईबितिस्, ईबुन्त्. हाच तो 'जाईन, जाशील, जाईल'. पहिल्या पाठात मी मुद्दाम मराठी भविष्यकाळाची सहा रूपं मोठ्याने म्हणायला लावली आहेत आणि मगच लॅटिनची सहा. ज्याने पहिली म्हटली त्याला दुसरी परकी वाटत नाहीत.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतली होती त्यांना तर घरी आल्यासारखं वाटेल. 'असणे'ची रूपं शेजारी शेजारी ठेवा. अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. आणि सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त्. एकवचन-अनेकवचन तेच, क्रम तोच, आवाजही तसेच. लॅटिनने द्विवचन टाकून दिलं आहे, त्यामुळे संस्कृत शिकणाऱ्याचं एक तृतीयांश ओझं इथे कमीच होतं. संस्कृतात धातूंचे दहा गण, लॅटिनमध्ये चारच. अमारे म्हणजे प्रेम करणे, मोनेरे म्हणजे बजावणे, रेगेरे म्हणजे राज्य करणे, अउदीरे म्हणजे ऐकणे, हे त्या चार गणांचे प्रतिनिधी. पुस्तकाचे पहिले बारा पाठ मुख्यतः पहिल्या गणात फिरतात, कारण तो सर्वांत नियमित आहे. अमो, अमास्, अमत्, अमामुस्, अमातिस्, अमन्त्. हे सहा आवाज जिभेवर बसले की बाकीचे तीन गण थोड्या फरकाने हाती येतात.

ही रूपं कोरड्या तक्त्यात राहू नयेत म्हणून उदाहरणं मी कोर्टातून आणि दवाखान्यातून घेतली आहेत. वाशीम जिल्ह्यातला माणूस उच्च न्यायालयात जातो तो नागपूर खंडपीठात, आणि तिथे संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली जे प्राधिलेख मागतो त्यांतल्या चारांची नावं लॅटिन आहेत. 'मँडामस' हे एक पूर्ण वाक्य आहे: आम्ही आज्ञा करतो. शेवटचा 'मुस्' अमामुस् मधलाच, प्रथम पुरुष अनेकवचनाचा. 'हेबिअस कॉर्पस'मधलं 'हेबिअस' विध्यर्थात आहे, तू देह हजर करावास. आपल्या 'करावास'मध्ये जो 'आवा' आहे त्याचं काम तिथे 'आ' हा स्वर करतो. 'को वॉरंटो' म्हणजे कोणत्या अधिकाराने, आणि आपला तृतीयेचा 'ने' तिथे शेवटच्या 'ओ'त आहे. 'कॅव्हेट' म्हणजे त्याने सावध असावं. 'ॲफिडेव्हिट' म्हणजे त्याने शपथेवर सांगितलं आहे, भूतकाळ, तृतीय पुरुष, एकवचन. तहसील कचेरीबाहेर स्टॅम्प पेपर घेऊन उभा असलेला शेतकरी दरवेळी लॅटिनचं एक क्रियापद शुद्ध रूपात मागतो.

गावच्या मेडिकलवर तर डॉक्टरांच्या चिठ्ठीचं वाचन रोज चालतं. 'बीडी' म्हणजे बिस् इन् दिए, दिवसातून दोनदा. 'टीडीएस' म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावं. 'एसओएस' म्हणजे सी ओपुस् सित्, गरज पडली तर. चिठ्ठीच्या डोक्यावरचं ते तिरप्या रेघेचं चिन्ह 'रेकिपे'चं आहे, म्हणजे 'घे', आज्ञार्थ. औषधाचा डोस चुकू नये हे ज्याला महत्त्वाचं वाटतं त्याला ही अक्षरं कशाची आहेत हे सांगितलंच पाहिजे, असं माझं मत आहे.

मराठी माणूस कुठे अडखळतो हेही सांगायला हवं, कारण जवळच्या भाषेतले खड्डे लवकर दिसत नाहीत. सर्वांत मोठा अडथळा भूतकाळाचा. मुलाने पुस्तक वाचलं, मुलाने पोथी वाचली, मुलाने ग्रंथ वाचला. आपलं क्रियापद कर्माच्या मागे जातं. लॅटिनमध्ये कर्तरी भूतकाळ कर्त्याच्याच मागे जातो. काय वाचलं याची क्रियापदाला फिकीर नाही. इंझोरीतल्या मुलांनी सुरुवातीच्या भाषांतरांत कर्त्याला हटकून तृतीयेत घातलं, कारण त्यांच्या कानात 'पोराने' बसलेलं. यासाठी सातवा पाठ पूर्णपणे राखून ठेवला आहे आणि तो घाई न करता दोनदा करावा.

दुसरा अडथळा द्वितीया आणि चतुर्थीचा. प्रमाण मराठीत दोन्हींना 'ला', आमच्या वऱ्हाडीत दोन्हींना 'ले'. 'पोराले बलाव' आणि 'पोराले पैसे दे', दोन्हीकडे 'पोराले'च. लॅटिनला हे चालत नाही. बोलावायचं तर पुएरुम्, द्यायचं तर पुएरो. या बाबतीत संस्कृत येणाऱ्याला फायदा आहे, पण संस्कृत न शिकलेल्यानेही घाबरू नये. 'त्याच्यासाठी' असा अर्थ लागतो का, हे विचारून पाहिलं की बहुतेक वेळा उलगडा होतो.

तिसरी गोष्ट सहाव्या विभक्तीची. लॅटिनमध्ये विभक्ती सहाच, आपल्या आठ. मग उरलेल्यांचं काम कोण करतं? एकच विभक्ती तृतीयेचं 'ने', पंचमीचं 'हून' आणि पुष्कळदा सप्तमीचं 'त' ही तिन्ही कामं उचलते. इंग्रजी पुस्तकांत तिला दिलेलं नाव मी इथे वापरलेलं नाही. पाठांत तिला 'तृतीया-पंचमी' म्हटलं आहे. बाकीच्या विभक्तींची नावंही प्रथमा, द्वितीया अशी आपलीच ठेवली आहेत. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, आणि त्या नमुन्यामागे लॅटिनचा. पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ आपण लॅटिनच्या चौकटीतून मराठी पाहत आलो. आता मराठीच्या चौकटीतून लॅटिन पाहायला हरकत नाही.

आणखी एक. लॅटिनमध्ये आदरार्थी अनेकवचन नाही. गुरुजींनाही 'तू' आणि सम्राटालाही 'तू'. 'गुरुजी देतात' असं मराठीत लिहिताना आपण अनेकवचन वापरतो, पण लॅटिनमध्ये ते 'दत्' असं एकवचनीच राहील. भाषांतर मराठीत करताना मात्र आपली रीत सोडू नका. गुरुजी 'देतात'च.

लिपीबद्दल: लॅटिन देवनागरीत लिहिण्याचा निर्णय मी विचारपूर्वक घेतला आहे. लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो आणि नेहमीच्या रोमन छपाईत तो भेद दिसत नाही. देवनागरीत अ-आ, इ-ई, उ-ऊ वेगळे आहेतच. फक्त ए आणि ओ यांना आपल्याकडे ऱ्हस्व जोडीदार नाही. म्हणून पाठांत दीर्घ ए आणि ओ नंतर अवग्रह दिला आहे: लेगित् म्हणजे वाचतो, लेऽगित् म्हणजे वाचलं. प्रस्तावनेत इतरत्र ही खूण गाळली आहे. उच्चार प्राचीन रोमचे धरले आहेत, चर्चमधले नाहीत. वसई-गोव्याच्या वाचकांना 'जिंकलं' या अर्थी 'वीची' ऐकायची सवय असेल, इथे त्यांना 'वीकी' दिसेल. शास्त्रीय नावं मात्र महाविद्यालयांत जशी म्हणतात तशीच लिहिली आहेत, नाहीतर मुलांची पंचाईत होईल.

म्हणी पुस्तकाच्या शेवटी नाहीत, पाठांच्या आत आहेत. म्हण पाठ करायला सोपी असते आणि तिच्यात व्याकरणाचा एक तुकडा घट्ट बसलेला असतो. मनुस् मनुम् लवत्: एक हात दुसऱ्या हाताला धुतो. पहिला 'उस्' प्रथमेचा, दुसरा 'उम्' द्वितीयेचा, आणि दोन विभक्तींचा सगळा भेद तीन शब्दांत संपला. वेर्ब वोलन्त्, स्क्रिप्त मनेन्त्: बोललेलं उडून जातं, लिहिलेलं राहतं. इथे नपुंसकलिंगी अनेकवचन आणि 'न्त्' हा प्रत्यय दोनदा येतो. फेस्तीना लेन्ते: घाई कर, पण सावकाश. हा आज्ञार्थ. दुम् स्पीरो, स्पेरो: श्वास आहे तोवर आशा आहे. प्रथम पुरुष एकवचन, दोनदा. सीझरने इसवी सनपूर्व ४७ मध्ये झेलाच्या लढाईनंतर कळवलं असं सांगतात ते 'वेनी, वीदी, वीकी' भूतकाळाच्या पाठात आहे: आलो, पाहिलं, जिंकलं. मराठीत 'आलो' कर्त्याच्या मागे गेलं आणि 'पाहिलं, जिंकलं' गेलं नाही. लॅटिनमध्ये तिन्ही 'ई' एकसारखे. सातव्या पाठाचा सगळा मुद्दा या तीन शब्दांत आहे. म्हणींना मराठी म्हणींच्या जोड्या लावण्याचा मोह मी टाळला आहे. रोमनांना काय म्हणायचं होतं ते आधी नीट ऐकावं.

खेड्यातल्या मुलाने लॅटिन शिकून काय करायचं, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. मुलांना नोकरी हवी, लॅटिन नोकरी देत नाही. पण याच मुलांकडून आपण न समजलेली लॅटिन आजही पाठ करून घेतो, वनस्पतिशास्त्रात, औषधनिर्माणशास्त्रात, कायद्यात. समजून पाठ करणं कमी कष्टाचं असतं, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि अनेक भाषांत वावरणं या भागाला नवं नाही. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. तिथल्या विंध्यशक्तीच्या चौथ्या शतकातल्या ताम्रपटात संस्कृत आणि प्राकृत एकत्र नांदतात, आणि प्राकृत काव्याच्या एका रीतीला या नगरावरून 'वच्छोमी' हे नाव मिळालं. आज पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांतलं मूल घरी गोरबोली, गावात वऱ्हाडी, वर्गात प्रमाण मराठी बोलतं आणि इंग्रजीचं पुस्तक वाचतं. चार भाषांत रोज ये-जा करणाऱ्या मुलाला पाचवी जड जाईल असं मानणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पुस्तक वापरायची पद्धत साधी आहे. प्रत्येक पाठ आधी मोठ्याने वाचा, मग वहीत उतरवा, मग दिलेली मराठी वाक्यं लॅटिनमध्ये करा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसांना इंग्रजी शिकवली ती याच मार्गाने, आणि भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेने संस्कृतही. डोळ्यांनी वाचून लॅटिन येत नाही, क्रियापदं तोंडाने म्हणावी लागतात. रोज अर्धा तास पुरेसा आहे, पण तो रोज हवा. एकट्याने करण्यापेक्षा दोघा-तिघांनी मिळून केलं तर बरं.

शेवटी विज्ञानाच्या आणि संस्कृतच्या शिक्षकांना एक विनंती. तुमच्या वर्गात पहिला पाठ आणि 'सटायव्हा, सटायव्हम, सटायव्हस'चा चौथा पाठ एवढे दोनच करून पाहा. त्यासाठी तुम्हाला आधी लॅटिन यायला हवी असं नाही, मुलांबरोबर शिकलात तरी चालेल. कुठे स्पष्टीकरण अपुरं वाटलं, कुठे मराठी उदाहरण अधिक चांगलं सुचलं, तर ते कळवा. पुढच्या आवृत्तीत ते घालता येईल.